‘नंबर्स मॅचिंग’ शेव्हेल: एसएसवरून खाली नको, मालिबूपासून वर मोजा

ओहायोतल्या कोलंबसहून एकांनी विचारलं आहे. डेटनजवळ एका निवृत्त गृहस्थांकडे १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ विकायला आहे (एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’, ३९६ म्हणजे इंजिनाचे घनइंच). चार गिअरची, लाल, त्यावर काळे पट्टे, रंगकाम अगदी ताजं. मागणी ७२ हजार डॉलर. मालक म्हणतात गाडी ‘नंबर्स मॅचिंग’ आहे. पण ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन पाहून सांगितलं की हे ३९६ नाहीच, ४०२ आहे, म्हणजे गाडी बनावट. यातलं खरं कोणाचं, आणि ७२ हजार द्यावेत का? सोबत डॅशवरच्या व्हीआयएनचा, म्हणजे गाडीच्या ओळखक्रमांकाचा, आणि फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या, पट्टीचा फोटो पाठवला आहे. बरं केलंत, निम्मं उत्तर त्या दोन फोटोंतच आहे.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, वुडवर्ड ॲव्हेन्यू घरापासून दहा मिनिटांवर. नोकरी इंजिनांचीच होती. शनिवार-रविवार असल्या गाड्या उघडण्यात गेले, आणि आता निवृत्तीनंतर लोकांना खरेदीआधी गाडी तपासून देतो. त्यामुळे खाली जे लिहितो आहे त्यात पुस्तकापेक्षा गाडीखाली पाठ टेकून शिकलेलं जास्त आहे.

आधी मेकॅनिकचं. मोजमाप त्याने बरोबर केलं, निष्कर्ष चुकीचा काढला. १९७० चं मॉडेल येईपर्यंत शेव्हरोलेने या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.०९४ इंचांवरून ४.१२६ इंचांवर नेला होता. हिशेब केला की ४०२ घनइंच येतात. पण ‘एसएस ३९६’ हे नाव एव्हाना लोकांच्या तोंडी बसलं होतं, म्हणून बिल्ला ३९६ चाच राहिला. तेव्हा ७० च्या एसएस ३९६ मध्ये ४०२ सापडणं ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र लगेच पेढे वाटू नका. हेच ४०२, ३३० अश्वशक्तीच्या रूपात, त्या वर्षी साध्या मालिबूतही, म्हणजे शेव्हेलच्याच बिगर-एसएस मॉडेलातही, मागवता येत होतं आणि तिथे त्याला ‘टर्बो-जेट ४००’ म्हणत. एसएसमधलं नेहमीचं ४०२ होतं ३५० अश्वशक्तीचं, कंपनीच्या कोडात एल३४; त्याच्या वर ३७५ चं एल७८. म्हणजे ४०२ आहे म्हणून गाडी बनावट ठरत नाही, तशी अस्सलही ठरत नाही.

तुमचा खरा प्रश्न इंजिनाचा नाहीच. ‘ओरिजिनल आहे का?’ असं विचारताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबतो. ही गाडी कारखान्यातून एसएस म्हणूनच बाहेर पडली का? तेव्हा तिच्यात जे होतं त्यातलं आज किती शिल्लक आहे? आणि आज तिची अवस्था कशी आहे? विकणारा नेहमी तिसऱ्याचं उत्तर देतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. पैसे मात्र पहिल्यात अडकलेले असतात. चकचकीत रंग, नवं क्रोम, गुळगुळीत सीट हे सगळं पैसे टाकून कधीही करता येतं. गाडीचा जन्म नंतर बदलता येत नाही.

आणि शेव्हेलच्या बाबतीत हा जन्मच सिद्ध करायला सगळ्यात अवघड. तुमच्या फोटोतला व्हीआयएन १३६३७०बी असा सुरू होतो. पहिला १ शेव्हरोलेचा, ३६ म्हणजे मालिबू व्ही-८, ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूप, ० म्हणजे १९७०, बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना, आणि पुढचे सहा आकडे क्रमांकाचे. यात ‘एसएस’ कुठे आलं? कुठेच नाही. १९६६ ते ६८ या काळात एसएस ३९६ ची मालिकाच वेगळी होती, तिचा व्हीआयएन १३८ ने सुरू व्हायचा आणि दोन मिनिटांत निकाल लागायचा. १९६९ पासून एसएस ही नुसती ऑप्शन झाली. ७० साली ३९६ साठी झेड२५, ४५४ साठी झेड१५. हे कोड ना व्हीआयएनमध्ये, ना फायरवॉलच्या पट्टीवर. त्यामुळे खऱ्या एसएसचा आणि साध्या व्ही-८ मालिबूचा व्हीआयएन शेजारी ठेवलात तर फरक फक्त क्रमांकाचा.

या फटीतून बाजारात काय शिरलं असेल याची कल्पना करा. देवगडची पेटी विकत मिळते, आत आंबा कुठलाही भरा. उठावदार बॉनेट, काळी जाळी, बिल्ले, पट्टे, १४ बाय ७ ची चाकं, सगळं आज नव्याने बनवलेलं मिळतं. गोल मीटरांचा डॅश हवा तर त्याच वर्षीच्या मॉन्टे कार्लोतही तसाच होता. बारा बोल्टांचा मागचा ॲक्सल दुसऱ्या गाडीचा आणून बसवता येतो. म्हणून मी या वस्तूंकडे उलट्या बाजूने बघतो. त्या असल्या तर काही सिद्ध होत नाही, नसल्या तर बरंच सिद्ध होतं. एसएसला पुढे पॉवर डिस्क ब्रेक, एफ४१ हे खास सस्पेन्शन, मागचे खालचे कंट्रोल आर्म (ॲक्सल धरणारे दांडे) पेटीसारखे बंद आणि मागे स्वे बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा दांडा, हे यायलाच हवं. पुढे ड्रम ब्रेक दिसले, किंवा मागचे आर्म उघड्या पन्हळीसारखे दिसले, तर मालकांना नम्रपणे विचारा, हे कधी बदललं? उत्तर ऐकताना त्यांच्या चेहऱ्याकडेही बघा.

आता ‘नंबर्स मॅचिंग’. हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी असतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. कुणाला म्हणायचं असतं की ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव मुख्य भागावर, याच गाडीचा नंबर आहे. कुणाला, की ओतकामातच उमटलेला कास्टिंग नंबर त्या वर्षाला जुळतो, म्हणजे तसलंच दुसरं इंजिन. आणि काहींना फक्त एवढंच म्हणायचं असतं की आधीच्या मालकाने आपल्याला तसं सांगितलं होतं.

तुम्ही स्वतः बघायची जागा एकच. इंजिनच्या पुढे, उतारूच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढ्यात ब्लॉकचा एक छोटा सपाट तुकडा उघडा दिसतो. त्याला पॅड म्हणतात. त्यावर दोन ओळी असाव्यात. एक असेंब्लीची: टोनावांडाच्या कारखान्याचा टी, मग महिना आणि तारीख, मग तीन अक्षरं. चार गिअरच्या ३५० अश्वशक्तीला सीटीएक्स हवं. दुसरी ओळ गाडीचीच: १०बी आणि मग व्हीआयएनचे शेवटचे सहा आकडे. पॅडवर तेलकट मळ असेल तर ब्रेक क्लीनर आणि मऊ फडकं वापरा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश कृपा करून लावू नका. का, ते सांगतो.

कारखान्यात ब्लॉकचा माथा ज्या यंत्राने तासत, त्याच्या बारीक समांतर रेघा पॅडवर पुढून मागे जाताना दिसतात. आकडे या रेघांवर ठोकलेले असतात. नंतर कुणी माथा पुन्हा तासला की रेघा जातात आणि आकडेही जातात. यात दर वेळी लबाडी नसते. ५० वर्षांत कधीतरी इंजिन उघडलं, मशीन शॉपवाल्याने डेक, म्हणजे तोच माथा, सरळ केला, तेव्हा त्या आकड्यांना कुणी विचारत नव्हतं. लबाडी सुरू होते ती गुळगुळीत पॅडवर नवे आकडे ठोकल्यावर. टॉर्च पॅडला जवळजवळ समांतर धरा आणि आडव्या उजेडात फोटो काढा. गोलसर कमानीसारखे ओरखडे दिसले, किंवा रेघाच नाहीत पण आकडे मात्र रांगोळीसारखे रेखीव, तर सावध व्हा. कारखान्यातला कामगार घाईत असायचा. त्याचे आकडे थोडे वाकडे, कमी-जास्त खोल असतात.

हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. माझी पहिली शेव्हेल अशीच ७० ची एसएस ३९६ म्हणून घेतली. पॅडवर गाडीचा नंबर, सीटीएक्स, तारीख, सगळं जागच्या जागी. रेघाही होत्या, त्या खोट्या उमटवणारे लोकही असतात हे तेव्हा माहीत नव्हतं. इतका आनंद झाला की पुढे बघितलंच नाही. वर्षभराने क्लच बदलताना गाडी वर उचलली आणि ब्लॉकवर ओतकामाची तारीख दिसली: बी, १७, ०. म्हणजे १७ फेब्रुवारी १९७०. आणि फायरवॉलच्या पट्टीवर गाडी बांधल्याचा आठवडा होता ११बी, नोव्हेंबर १९६९ चा दुसरा. गाडी रस्त्यावर आल्यावर तीन महिन्यांनी तिचं इंजिन ओतलं गेलं! त्या रात्री गॅरेजमध्ये बराच वेळ नुसता बसून होतो. पुढे ती विकली तेव्हा जाहिरातीत पहिल्या ओळीत खरं लिहिलं आणि तोटा सोसला.

तेव्हापासून मी आकड्यांपेक्षा तारखांचा क्रम आधी बघतो. ओतकाम आधी, मग असेंब्ली, मग गाडी. यातलं अंतर काही दिवस ते काही आठवडे असावं. ओतकामाच्या तारखेत महिन्याला ए ते एल अक्षर असतं, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘मन्सी’ या चार गिअरच्या गिअरबॉक्सवर पी, मग वर्षाचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि तारीख. शेवटच्या अक्षरावरून त्याचा प्रकार एम२०, एम२१ की एम२२ ते कळतं, ए, बी, सी याच क्रमाने. त्याच्यावरही गाडीचा नंबर ठोकलेला असतो. मागच्या ॲक्सलच्या नळीवर कोड आणि तारीख असते. काचांवरही तारखेची अक्षरं असतात. एक खोटा नंबर ठोकणं सोपं आहे. आठ-दहा जागी पसरलेल्या तारखा एकमेकींना जुळवून ठेवणं फार महागात जातं, आणि तिथेच बहुतेक सोंगं उघडी पडतात.

तुमच्या दुसऱ्या फोटोकडे वळतो. पट्टीवर आठवडा ११डी आहे, म्हणजे नोव्हेंबरअखेर. तेव्हा ब्लॉकवर नोव्हेंबरची किंवा फार तर ऑक्टोबरची तारीख हवी. पण मला जास्त रस वाटला तो रंगाच्या रकान्यात. तिथे आहे २५ आणि बी. २५ हा ॲस्ट्रो ब्लू, आणि बी म्हणजे काळं व्हिनाइल छत. तुमची गाडी आज आहे लाल, आणि छत साधं रंगवलेलं! ती लाल जन्मली असती तर तिथे ७५, क्रॅनबेरी रेड, दिसलं असतं. मालकांनी हे सांगितलं होतं का? नसेल तर त्यांनी लपवलं असंच नाही. त्यांनाही माहीत नसेल. पण रंग बदललेला असणं हे किमतीत धरावंच लागतं. मूळ निळा बघायचा असेल तर ग्लोव्ह बॉक्स काढून मागे, डॅशच्या खाली, आणि डिकीच्या रबराखाली बघा. घाईचा रंगारी तिथवर पोचत नाही.

व्हिनाइल छत मात्र वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचं. त्या कापडाखाली ओल अडकते आणि मागच्या काचेच्या खोबणीतून पत्रा कुजतो. तिथून पाणी डिकीत उतरतं. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं ते वेगळंच. काचेच्या खालच्या कोपऱ्यांत आणि मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्यावर साधं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे पकड सुटेल तिथे पत्रा नसून पुटी आहे. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या चाकांजवळची फ्रेम हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. बाकी कॉम्प्रेशन, ब्रेक, गळती हे कुठलाही बरा मेकॅनिक बघेल, त्यात मी वेळ घालवत नाही.

एक सावधगिरी. फायरवॉलची ही पट्टी फिशर बॉडीची, म्हणजे जनरल मोटर्सच्या बॉडी बनवणाऱ्या विभागाची, असते आणि तिच्यावरचा बॉडी नंबर हा गाडीचा व्हीआयएन नव्हे. त्यामुळे पट्टी दुसऱ्या गाडीची किंवा नवी बनवलेलीही असू शकते. रिव्हेट छेडलेले वाटतात का बघा. डॅशवरच्या व्हीआयएन पट्टीचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारखे असतात, तिथे साधे गोल पॉप रिव्हेट दिसले तर तिथूनच परत फिरा. व्हीआयएनची पट्टी बदलणं हा इथे फेडरल गुन्हा आहे आणि अशी गाडी जप्तही होऊ शकते. शंका आली तर फ्रेमवर आणि फायरवॉलवर हीटरच्या पेटीआड ठोकलेला अर्धा व्हीआयएन असतो, तो जुळवता येतो. त्यासाठी थोडी खोलाखोल करावी लागते आणि सगळे मालक तयार होत नाहीत.

मग एसएसचा जन्म सिद्ध होतो कशाने? कागदाने. जमिनीच्या व्यवहारात सातबारा न बघता कुणी विसार देत नाही, इथेही तसंच. सगळ्यात मोलाचा तो बिल्ड शीट, कारखान्यात गाडीबरोबर फिरणारा ऑप्शनांचा कागद. तो पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखाली अडकून राहिलेला सापडतो, कधी चुरा होण्याच्या अवस्थेत. सापडला तर आधी त्यावरचा व्हीआयएन वाचा. लाइनवर कागद इकडचे तिकडे व्हायचे आणि शेजारच्या गाडीचा कागद तुमच्या सीटखाली निघतो. दुसरी वस्तू म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट, वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची छोटी पट्टी. तिच्यावर व्हीआयएन, इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सलचे कोड उठवलेले असतात. काचेवरचा किमतीचा स्टिकर, डीलरचं बिल, पहिल्या मालकाचे सर्व्हिसचे कागद, अंगणातले जुने फोटो, हेही धरायचं. कागदही खोटे बनतात, म्हणून कागद आणि धातू दोघांनी एकच गोष्ट सांगितली तरच मी विश्वास ठेवतो.

गाडी मूळची कॅनडात विकली गेली असती तर जनरल मोटर्सच्या तिथल्या नोंदींवरून माहिती मागवता येते. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेंना ती सोय नाही. इतर कंपन्यांत हेच काम किती सोपं आहे ते सांगितलं तर तुम्हाला हेवा वाटेल. पॉन्टिॲक जीटीओची बिलं पीएचएस (पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून मिळतात, आणि १९६६ ते ७१ चा जीटीओ व्हीआयएनमधल्या २४२ वरूनच कळतो. १९६७ पासूनच्या फोर्ड मस्टँगसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळतो. डॉज-प्लिमथच्या व्हीआयएनमधलं पाचवं अक्षर थेट इंजिन सांगतं; ७० साली आर म्हणजे ४२६ हेमी. शेव्हरोलेनेही १९७२ पासून व्हीआयएनमध्ये इंजिनाचं अक्षर घातलं, पण तुमची ७० ची. दोन वर्षांनी हुकलं.

आता किंमत. बहुतेक लोक अस्सल एसएसची किंमत धरतात आणि एकेका उणिवेचे पैसे वजा करत खाली येतात. मी उलट करतो. गाडी मालिबू आहे असं समजायचं, कारण व्हीआयएन तेवढंच सांगतो, आणि एकेका पुराव्यागणिक वर चढायचं. चांगल्या अवस्थेतली, मोठं इंजिन बसवलेली लाल मालिबू चालवायला झकास गाडी आहे. तुमच्या ७२ हजारांतले निम्मे तरी तिचेच असतील. पॅड अस्सल आणि तारखा क्रमात निघाल्या तर एक मोठी पायरी वर. गिअरबॉक्स आणि ॲक्सल जुळले तर आणखी एक, थोडी लहान. बिल्ड शीट किंवा प्रोटेक्ट-ओ-प्लेट मिळाली तर सगळ्यात मोठी पायरी. मग रंग बदलल्याचे आणि व्हिनाइल छत गेल्याचे वजा. माझ्या अनुभवात या दोघांनी मिळून कागदाच्या पायरीचा चांगला लचका तोडला जातो. कागद नसताना, रंग बदललेल्या गाडीला मी ७२ देणार नाही. कागद असतील तर मागणी अवाजवी नाही, घासाघीस होईल एवढीच.

कुणी लिलावातला आकडा तोंडावर फेकला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराचं शुल्क चढतं. जानेवारी २०२० मध्ये स्टीव्ह मॅक्वीनने पडद्यावर पळवलेली १९६८ ची मस्टँग जीटी ३४ लाख डॉलरला गेली, शुल्क धरून ३७ लाख ४० हजारांना. आणि ती गाडी कशी होती? रंग विटलेला, ठिकठिकाणी ओरखडे, रिस्टोअर न केलेली. तिथे किंमत होती ती अखंड इतिहासाची. दुसरं, एलएस६ चे आकडे तुमच्या गाडीला लावू नका. ४५४ घनइंचांचं ४५० अश्वशक्तीचं ते इंजिन ७० साली साडेचार हजारांच्या आत गाड्यांत बसलं. त्या गाड्यांचा बाजारच वेगळा.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे? तुम्ही गाडी कशासाठी घेताय, ते. ऑगस्टमध्ये वुडवर्डवर मुलांना घेऊन फिरायचं असेल तर इंजिन बदललेली, प्रामाणिकपणे सांगून विकलेली गाडी मी स्वतः पसंत करीन. ती तापली, बिघडली तरी जीव खालीवर होत नाही. दहा वर्षांनी विकताना पैसे परत हवे असतील तर कागद नसलेल्या गाडीकडे फिरकू नका, ती कितीही देखणी असो.

शनिवारी जाताय म्हणालात. बरोबर टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा, चुंबक, ब्रेक क्लीनर आणि जुने कपडे घ्या. सकाळी इंजिन गार असताना पोचा, म्हणजे पॅडपर्यंत हात जाईल. आधी मालकांशी बसून बोला, गाडी कोणाकडून कधी घेतली ते विचारा, जुन्या पावत्यांची पिशवी आहे का विचारा. अशी पिशवी बहुतेक घरात असते आणि तिचं मोल मालकांना माहीत नसतं. मग मागची सीट उचलायची परवानगी मागा. मालक स्वतःच अजून तिथे बघायला गेले नसतील, तर तुमच्याबरोबर तेही खाली वाकतील. पॅडचा आडव्या उजेडातला आणि ओतकामाच्या तारखेचा फोटो मला पाठवा. तोवर विसार देऊ नका.